कबुलीचं कलम

पेटी उघडली नाही तेव्हा सुनयनाला आधी वाटलं, हाताला तूप लागलं असेल. तिने रुमालाने तळवा पुसला, पेटीची मूठ पुन्हा घट्ट धरली आणि मनात वीस आकडे मोजले. मुठीवरची पट्टी हिरवी व्हायला हवी होती. ती तांबडीच राहिली.

"गरम पाणी ठेवू काय, बाई?" चंद्रामावशींनी दारातून विचारलं.

"नको. जरा थांबा."

खाटेवर मावशींचे यजमान, निंगोजी सुतार, कुशीवर वळून पडले होते. कर्करोग मणक्यात उतरून दोन महिने झाले होते. कालपासून पोटात काही ठरत नव्हतं, त्यामुळे मॉर्फिनचं पातळ औषध घेतलं की उलटून पडत होतं, आणि सकाळी बाटलीही संपली होती. ते ओरडत नव्हते. ओरडायला छातीत जोर लागतो, तेवढा उरला नव्हता. दात आवळलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर रंधा गाठीवर अडकावा तसा एक आवाज. सुनयनाने आल्या आल्या नाडी पाहिली होती, दंडावर सुईची जागा पुसून ठेवली होती. दोन मिनिटांत इंजेक्शन देते, असं त्यांना सांगूनही झालं होतं.

"झालं काय?" निंगोजींनी डोळे न उघडता विचारलं.

"होतंय, मामा."

पेटीच्या झाकणावर अक्षरं उमटली. धारकाच्या घामात अफूजन्य द्रव्य आढळले. पेटी उघडता येत नाही.

सुनयनाने ती ओळ तीनदा वाचली. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने स्वतःसाठी डोकेदुखीची गोळीसुद्धा दवाखान्यातून घेतली नव्हती.

या पेटीचा कायदा येऊन चार वर्षं झाली होती, आणि तो यावा म्हणून सुनयनाने स्वतः सह्या गोळा केल्या होत्या. त्याआधी मॉर्फिन द्यायचं तर डॉक्टर हवा, परवानगी असलेलं रुग्णालय हवं, दोन कुलपांचं कपाट हवं. चंदगड तालुक्यातल्या वस्त्यांवर यातलं काहीच नव्हतं. बेळगाव जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. कोल्हापूर आपल्या राज्यात, पण तीन-चार तासांवर. सुनयनाचे वडील याच तालुक्यात, याच दुखण्याने, तापाच्या गोळ्या खात गेले होते. नव्या कायद्याने घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना मॉर्फिन बाळगण्याचा आणि देण्याचा अधिकार दिला. अट अशी की औषध पेटीत राहील, आणि पेटी धारकाच्या हातानेच उघडेल.

त्या मुठीत सगळी करामत होती. माणसाच्या मेंदूत मॉर्फिन ज्या जागी जाऊन चिकटतं, तिच्या घडणीवरून प्रयोगशाळेत एक प्रथिन तयार केलेलं होतं. त्याचा पातळ थर मुठीच्या पट्टीत बसवलेला असे. धारकाच्या घामात मॉर्फिनचे रेणू असले तर ते त्या प्रथिनात जाऊन बसत, पट्टीतून वाहणारा क्षीण विद्युतप्रवाह बदले आणि कुलूप बंदच राही. औषध चोरून स्वतः घेणारा माणूस पेटीपर्यंत पोचूच नये, अशी ती रचना होती. पहिली दोन वर्षं ती नीट चालली. मग कुठल्याशा शहरात पेट्यांमधल्या औषधाचा काळाबाजार उघडकीला आला, विधानसभेत गदारोळ झाला आणि गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मर्यादा पूर्वीच्या पन्नासाव्या भागावर आणली गेली. आता पट्टीला मॉर्फिनचा मागमूससुद्धा चालत नव्हता.

सुनयनाने ओसरीवर येऊन डॉक्टर इनामदारांना फोन लावला. जिल्ह्यातल्या सगळ्या पेट्यांवर देखरेख त्यांची होती.

"सर, पेटी बंद झाली."

"तुझी?"

"मी काही घेतलेलं नाही, सर."

"मी म्हटलं का घेतलंस म्हणून?" डॉक्टर म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण घेतलं असशील तर सांग, सुनयना. माणूसच आहोत आपण. कायद्यात सोय आहे."

"नाही घेतलं."

"मग नाकार. जिल्ह्याहून माणूस येऊन तुझं रक्त घेईल, प्रयोगशाळा काय ते ठरवेल. पण आज पाडवा, उद्या भाऊबीज, परवा रविवार. सोमवारशिवाय कोणी येत नाही."

"गडहिंग्लजची पेटी पाठवा ना."

"रुग्ण तुझ्या नावावर आहे. दुसऱ्या पेटीवर घ्यायचा तर कार्यालय उघडं हवं."

"आणि ॲम्ब्युलन्स?"

"आत्ता पाठवतो. पण तो मणका, आणि घाटातला रस्ता. तूच सांग, पाठवू?"

"नको," म्हणून सुनयनाने फोन ठेवला. आतून तोच आवाज येत होता. एका श्वासाला एक.

चंद्रामावशी हातात ताटली घेऊन ओसरीवर आल्या. घरातलं माणूस असं पडलेलं असताना फराळ कशाला, असं शेजारणी म्हणाल्या होत्या. पण पस्तीस वर्षांत अनारसे चुकले नव्हते, आणि निंगोजींनीच वास तरी येऊ दे म्हटलं होतं. परवा सुनयनाला त्यांनी डबा भरून दिला होता. सुनयना एकटी राहायची. काल संध्याकाळी चहाबरोबर तिने चार खाल्ले, आज सकाळी स्वयंपाकाचा कंटाळा म्हणून आणखी तीन, आणि मघाशी पोचल्या पोचल्या मावशींनी हातावर एक ठेवला तोही.

"खावा की, बाई. तुमच्या तोंडावर रया न्हाई. पेटी काय, उघडेल मागनं. डबा संपला का न्हाई परवाचा?"

"संपला."

"बघा! आमच्या सुनेला गोड लागत न्हाई. पुण्यात कोण खातंय म्हणती."

सुनयना ताटलीकडे बघत होती. जाळी पडलेले तांबूस अनारसे, आणि वरच्या बाजूला दाट चिकटलेली खसखस. तिला पंचवीस वर्षांपूर्वीचा औषधशास्त्राचा वर्ग आठवला. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांच्या आत मॉर्फिन नसतं, पण बोंडातला चीक वाळून त्यांच्या अंगाला लागतो. वाटणात घालायची खसखस आपण भिजवतो, धुतो, त्यात बराचसा निघून जातो. अनारशाला लागते ती कोरडी, न धुतलेली. आणि अनारसा उलटत नाहीत. खसखशीची बाजू वर ठेवून तो खालून तळतात, वरून झाऱ्याने तूप उडवतात. वरच्या बाजूला आच लागते ती नावापुरतीच. माणसाला नशा येईल इतकं त्यात काही नसतं. पन्नासाव्या भागावर आणलेल्या मर्यादेला मात्र आठ अनारसे पुष्कळ झाले.

हे इतकं साधं होतं की तिला क्षणभर हसू येईलसं वाटलं. मग तिला लीना आठवली, आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

लीना फर्नांडिस. दोघी एकाच तुकडीतल्या. तालुक्यात पेट्या दोनच, एक सुनयनाची, एक लीनाची. दोघींचा जुना करार होता: दिवाळीत लीना काम करायची, नाताळात सुनयना. त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळीत सुनयना भावाकडे सांगलीला होती, आणि लीना दोघींचे रुग्ण सांभाळत फिरत होती. प्रत्येक घरातून तिच्या हातात फराळाचा डबा पडत होता. भाऊबिजेच्या दिवशी लीनाची पेटी बंद झाली.

चौकशी समितीत तिघे जण होते. परिचारिकांची प्रतिनिधी म्हणून सुनयना. तिच्यापुढे एक छापील पान आलं. त्यावर लीनाची कबुली होती, वेळ होती आणि खाली एक ओळ होती: त्यानंतर चार मिनिटांनी रुग्णास मात्रा दिली.

"मी काही घेतलं नव्हतं," लीना म्हणाली होती.

"मग मान्य का केलंस?" हे सुनयनानेच विचारलं होतं.

"पारूबाई समोर तडफडत होत्या. तू असतीस तर काय केलं असतंस?"

सुनयनाला तेव्हा लीनाची कीव आली होती. समितीला दिलेल्या पुस्तिकेत लिहिलेलंच होतं, की व्यसनी कर्मचारी बहुतेक वेळा रुग्णाच्या आडोशाला उभा राहतो. त्या दिवाळीत राज्यभर पेट्या जास्त बंद पडल्या हेही त्यात होतं. त्याचं कारण दिलं होतं सणातला कामाचा ताण आणि एकटेपणा. सुनयनाने सही केली. लीनाचं नाव परिचारिकांच्या नोंदणीतून गेलं. आता ती तुडयेच्या रस्त्यावरच्या काजूच्या कारखान्यात कामाला जात होती. बाजारात समोरासमोर आल्या की लीना रस्ता ओलांडायची. या दिवाळीला काम करायला तालुक्यात सुनयनाशिवाय कोणी उरलं नव्हतं.

ती उठून आत गेली. निंगोजींचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. मावशी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या.

पेटीच्या झाकणावर दोन चौकटी उजळल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, नाकारते. दुसरीवर, मान्य करते.

हे कबुलीचं कलम सुनयनाला सगळ्या कायद्यात सर्वांत जास्त आवडलेलं होतं. ते करणाऱ्यांनी विचार केला होता, की परिचारिकेच्या व्यसनाची शिक्षा रुग्णाला का? तिने तिथल्या तिथे कॅमेऱ्यासमोर कबुली दिली तर पेटी त्या एका रुग्णासाठी उघडेल, डॉक्टर दुरून पाहतील, चार दिवसांचं औषध मिळेल, आणि परिचारिकेवर खटला न भरता उपचार होतील. फक्त तिचं नाव नोंदणीतून जाईल. कबुली मागे घेता येणार नाही. आणि कबुली दिल्यावर रक्त तपासायची गरजच काय? म्हणून ते तपासलं जाणार नाही.

आता ते कलम तिला दुसऱ्या बाजूने दिसत होतं. ज्या परिचारिकेसमोर रुग्ण असा पडलेला असेल, ती काय करेल? आणि तिने मान्य केलं की पेटीचं म्हणणं खरं ठरणार. सरकारी अहवालात म्हटलं होतं, बंद झालेल्या दहा पेट्यांपैकी नऊंच्या बाबतीत धारकांनी स्वतः दोष मान्य केला. यंत्राची अचूकता शंकेच्या पलीकडे आहे.

तिने नाकारलं, तर सोमवारी रक्त घेतलं जाईल. लढता येईल. पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर खसखशीचं नाव लिहील, लीनाची फाइल पुन्हा उघडता येईल, आणि तिची स्वतःची नोकरी राहील. त्यासाठी निंगोजी सुतारांनी तीन दिवस हे सोसायला हवं.

"बाई," निंगोजी म्हणाले, "उशीर हाय काय?"

"नाही, मामा."

तिने आपल्या पिशवीतून रक्त घ्यायची सुई आणि दोन नळ्या काढल्या. डाव्या दंडाला पट्टा बांधला, एक टोक दातात धरलं.

"मावशी, हे जरा धरा."

"तुमचं रगत कशाला?"

"काम आहे. त्यावर वेळ लिहिते, तुम्ही शेजारी सही करा. अकरा वाजून दहा मिनिटं. घड्याळ बघा तुम्ही पण."

मॉर्फिन खसखशीतून आलं की सुईतून, हे पट्टीला कळत नव्हतं. प्रयोगशाळेला कळलं असतं. अफूच्या चिकात मॉर्फिनच्या जोडीला थेबेन नावाचं एक द्रव्य असतं. औषध म्हणून शुद्ध केलेल्या मॉर्फिनमध्ये ते नसतं. तिच्या रक्तात थेबेन सापडलं तर ते अनारशातूनच आलेलं. कायद्याने या नळ्यांना काही किंमत नव्हती. स्वतःचं रक्त स्वतः काढलेलं कोण धरणार? तरी तिने त्या लसीच्या थर्मासमध्ये बर्फात ठेवल्या.

"आणि दोन अनारसे बांधून द्या. खसखशीसकट, झटकू नका."

चंद्रामावशींचा चेहरा किंचित फुलला. "दोनच? चार देते की."

त्यांना सांगावं का? सुनयनाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. खसखस सांडू नये म्हणून ते पुडी जपून बांधत होते. नवरा पंधरा-वीस दिवसांचा सोबती, आणि आपल्या अनारशांनी त्याचं औषध अडलं होतं, हे ही बाई नंतर किती वर्षं घेऊन बसेल? तिने सांगितलं नाही.

मग तिने दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. झाकणावरचा कॅमेरा जागा झाला. वाक्य समोर आलं आणि ते मोठ्याने वाचायचं होतं. सुनयनाने वाचायला तोंड उघडलं, आणि थांबली. शब्दन् शब्द लीनाच्या पानावरचा होता. ते लीनाचे शब्द आहेत असं ती वर्षभर समजत होती. पेटीतच तयार होते ते.

"मी, सुनयना तेरणी," तिने वाचलं, "माझ्या ताब्यातील नियंत्रित औषधाचा स्वतःसाठी वापर केल्याचे मान्य करते. ही कबुली मी कोणत्याही दबावाविना देत आहे."

मुठीवरची पट्टी हिरवी झाली. झाकण अलगद वर आलं.

तिने मात्रा भरली, हवेचा बुडबुडा काढला, कॅमेऱ्याला आकडा दाखवला. पलीकडून डॉक्टर इनामदारांचा आवाज आला, "दे." सुई कातडीखाली गेली. अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. सुनयना खाटेच्या कडेला बसली आणि मनगट धरून नाडी मोजत राहिली. हळूहळू तो आवाज दोन श्वासांना एक झाला, मग पाच श्वासांना एक. जबडा सुटला. निंगोजींनी डोळे उघडून छताकडे पाहिलं. ते छत त्यांनीच रचलेलं होतं.

"आता बरं हाय," ते म्हणाले आणि झोपले.

चंद्रामावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही घेत होतासा?" त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्यातलं?"

"मामांच्या वाटणीचं कधीच नाही, मावशी."

मावशींनी कोनाड्यातली रिकामी बाटली उचलली, उजेडात धरली आणि तिच्यावरच्या मापाच्या रेघा बघितल्या. सुनयनाने गालात थेंब थेंब सोडायच्या चार दिवसांच्या मात्रा मोजून दिल्या, उलटी झाली तर काय करायचं ते सांगितलं. एरवी मावशी तिला बांधापर्यंत पोचवायला यायच्या. त्या दिवशी त्या खाटेजवळच बसून राहिल्या.

मंगळवारी कार्यालयाचा माणूस पेटी घेऊन गेला. चौकशी पुढच्या महिन्यात होणार होती. बुधवारी दुपारी सुनयना काजूच्या कारखान्यावर गेली.

जेवणाची सुट्टी झाली होती. लीना बाहेरच्या नळावर हात धूत होती. टरफलाच्या तेलाने बोटांच्या टोकांची सालं निघाली होती. सुनयनाला पाहून ती सरळ उभी राहिली.

"काय गे, समिती एकटीच आली? बाकीचे दोघे कुठं आहेत?"

"माझी पेटी बंद झाली, लीना. पाडव्याला."

लीनाने नळ बंद केला. सुनयना बोलत गेली. अनारसे, न धुतलेली खसखस, पट्टी, थेबेन. शेवटी लीना म्हणाली,

"माझ्याकडे नऊ डबे होते. नऊ घरांचे. मी बसून बसून विचार केला, काय केलं होतं मी? कधी वाटायचं, हातमोजा फाटला असेल. एकदा तर वाटलं, मी खरंच घेतलं असेल आणि विसरले असेन." ती थांबली. "तू विचारलं होतंस, मग मान्य का केलंस."

"हो."

"तू काय केलंस?"

"तेच. 'मान्य करते' दाबलं."

"शहाणी असशील असं वाटलं होतं मला."

"कोल्हापूरला आपल्या जोशीलकर बाई आहेत ना, औषधशास्त्राच्या, त्यांनी नळ्या ठेवून घेतल्यात. थेबेन सापडलं तर त्या लेखी देतील. मी अर्ज लिहिलाय. कलम बदला, मर्यादा बदला, आणि कबुली दिली तरी रक्त तपासा, असा. त्यात तुझी हकिगत लिहिली आहे, आणि मी सही कशी केली तेही. तुझी सही नसेल तर पाठवणार नाही."

"त्याने माझं नाव परत येईल?"

"माहीत नाही."

"तुझं?"

"कबुली मागे घेता येत नाही."

"आणि ती अनारसेवाली मावशी? अर्जात नाव आहे तिचं?"

"नाही. 'एका रुग्णाच्या घरचे' एवढंच. कधीतरी कळेल तिला. आत्ता नको."

लीनाने हात ओढणीला पुसले, कागद घेतला आणि नळाच्या कट्ट्यावर ठेवून पहिल्यापासून वाचला. सुनयनाने माफी मागण्यासाठी तोंड उघडलं तेव्हा तिने मान वर न करता हाताने गप्प केलं. एका जागी तिने तारीख दुरुस्त केली. मग सही केली. कागदावर बोटाचा तपकिरी डाग उमटला.

कारखान्याची घंटा झाली. बायका डबे आवरून आत निघाल्या. लीनाही निघाली, चार पावलं गेली आणि वळली.

"किती वेळात शांत झाले ते?"

"अठरा मिनिटं," सुनयना म्हणाली.

"पारूबाईंना बावीस लागली होती," लीना म्हणाली, आणि आत गेली.